तांडेलचा निम्मा

भाई तांडेल भाव सांगायच्या आधी शर्ट बदलायचे. आतल्या खोलीत जाऊन, दार लोटून, इस्त्रीचा पांढरा शर्ट चढवून बाहेर यायचे आणि पडवीतल्या बाकड्यावर बसून एकच आकडा उच्चारायचे. त्याआधीचं सगळं, म्हणजे मशीन उघडणं, कोपरापर्यंत हात काळे करणं, विकणाऱ्याला चार शब्द सुनावणं, हे बनियनवर चालायचं. बनियनवरचे भाई कुणाशीही हुज्जत घालायचे. शर्टातले भाई एकदा बोलले की पुन्हा तोंड उघडायचे नाहीत.

मी तेव्हा मिरकरवाड्याच्या धक्क्याजवळ एका बर्फाच्या कारखान्यात कारकून होतो. माझ्या टेबलासमोरची खिडकी थेट भाईंच्या अंगणात उघडायची. मालकाने ती हवेसाठी ठेवली होती म्हणे. हवा कधी आली नाही, पण सुक्या मासळीचा वास आणि भाईंचा आवाज रोज न चुकता येत असे, आणि हिशेबाच्या चुका मी त्या दोघांच्या माथी मारत असे.

ऐंशी सालानंतरची ती वर्षं. शिडाच्या होड्यांना मागे मशीन लावायचं खूळ किनाऱ्यावर नुकतं पसरलं होतं. मशीन म्हणजे होडीच्या मागच्या फळीला स्क्रूने आवळायचं, खाली पंखा असलेलं औटबोर्ड इंजिन. पण औटबोर्ड त्याला फक्त दुकानदार म्हणायचा. नवं घ्यायची ऐपत थोड्यांची, त्यामुळे वापरलेली मशीनं या वाडीतून त्या वाडीत फिरत. कुणी मोठी होडी घेतली की जुनं मशीन निघे, कुणी मुंबईला कामाला लागला की निघे. आणि वापरलेल्या मशीनला भाव काय, हे कुठेही लिहिलेलं नव्हतं. विकणारा आभाळाला हात लावायचा, घेणारा जमिनीला. मग मधला माणूस म्हणून दोघं भाईंकडे यायचे.

भाई तरुणपणी परदेशी बोटींवर इंजिनखान्यात तेलवाले होते. त्या बोटींच्या गोष्टी ते इतक्या वेळा सांगत की कुठल्या वळणावर सेकंड इंजिनेर बेशुद्ध पडणार हे मला पाठ झालं होतं. पण मशीन समोर आलं की गोष्टी बंद. एक अट होती: दोघांनी, विकणाऱ्याने आणि घेणाऱ्याने, भाई सांगतील तो भाव मान्य, असं मशीन उघडायच्या आधी बोलायचं. "आधी बघू, मग ठरवू" असं कुणी म्हटलं की भाई त्याला मशीन अंगणात टेकवूही देत नसत. या कामाचे ते पैसे घेत नसत. चहासुद्धा घरचाच. बाहेरचा चहा कुणी पाजला की त्याची बाजू घ्यावीशी वाटते, असं त्यांचं म्हणणं.

मग सुरू. दोरी डोळे मिटून सावकाश ओढायची, आतून किती ताकदीने मागे खेचतं ते बघायचं. नटांच्या खालच्या बाजूला नख घासून खार बसलाय का पाहायचं. खालचं ऑइल दोन बोटांत चोळायचं. ते दुधासारखं पांढुरकं असलं तर आत पाणी शिरलंय. शेवटी पाण्याने भरलेल्या पिंपात मशीन लावून चालवायचं. सगळं अंगण धुराने भरायचं, माझी खिडकीसुद्धा. आणि हे सगळं झाल्यावर विकणाऱ्याला समोर बसवून विचारायचं, "का विकतंस?"

एकदा राजिवड्याचा एकजण ताजा निळा रंग मारलेलं मशीन घेऊन आला. भाईंनी त्याच्याभोवती एक फेरी मारली.

"नवरीला एवढी पावडर फासलीस ती?"

"जुना रंग गेलेला ओ भाई."

"रंग गेला की मशीन गेलंन? पाण्यात पडलेलं काय?"

तो आधी नाही म्हणाला, मग म्हणाला, "खाडीत. एकदाच. लगेच काढला."

भाईंनी त्याची अशी हजेरी घेतली की कारखान्यातले हमाल बर्फ तसाच ठेवून ऐकत उभे राहिले. भाव अर्थातच कापला. पण खरं बोलला म्हणून कापला थोडा कमी. त्यांच्या न्यायात असल्या सवलती असत आणि त्या ते कुणाला समजावून सांगत नसत. मला एकदा म्हणाले होते, "दोघांतला एक जरी हसत घरी गेला, तर समज तांडेल चुकला." खरंच, त्यांच्या अंगणातून माणसं बाहेर पडत ती दोघंही जराशी नाराज असत. याचा भाईंना भारी अभिमान.

अभिमान वाटावा असं आणखी एक त्यांनी केलं होतं. त्याचंच पुढे सगळं झालं.

किनाऱ्यावर एक धाक होता. होडीवरचा माणूस दर्यात गेला आणि मशीन परत आलं, तर ते मशीन कुणी आपल्या होडीला लावत नसे. विकत तर सोडाच, फुकटही नको. आरे-वारेच्या समोर वाडीतल्या पार्वतीचा नवरा असाच गेला. होडी संध्याकाळी वाळूला लागली, मागे मशीन शाबूत. ते कित्येक महिने तिच्या घरामागे गोणपाटाखाली पडून होतं. भंगारवाला येऊन तराजू दाखवून गेला. शेवटी ती भाईंच्या अंगणात येऊन उभी राहिली. मी खिडकीतच होतो.

"भाई, मशीननं काय केलंन ओ? बंद पन पडलं नव्हतं. त्याला पुरा भाव का नाय?"

चार-पाच दिवस भाई कुणाशीच धड बोलत नव्हते. मग त्यांनी वाडीतल्या माणसांना बोलावलं, शर्ट घातला आणि सांगितलं: अशा मशीनला निम्मा भाव. घेणाऱ्याने पहिली फेरी एकट्याने, रिकाम्या होडीने, खाडीच्या तोंडापर्यंत मारायची, नारळ द्यायचा आणि परत यायचं. मग मागचं काही उरलं नाही.

भाट्याच्या एका माणसाने ते मशीन घेतलं. आलेल्या पैशात पार्वती धक्क्यावर मासळी विकायला बसली आणि उभी राहिली. वाडीत जो तो म्हणू लागला, असा नियम पूर्वीपासून होताच, आपणच विसरलो होतो. मी भाईंना हळूच विचारलं, "हे नारळाचं कुठून काढलंत?"

"देव नारळाला कदी नको बोललाय काय?" म्हणाले, आणि स्वतःच हसले.

मला ते फार मोठं वाटलं होतं, अजूनही वाटतं. शून्याचा निम्मा करणं सोपं नसतं. पण लोक कसे असतात, दोन-तीन वर्षांत शून्य विसरले आणि निम्मा तेवढा लक्षात ठेवला. 'तांडेलचा निम्मा' हा शब्दच झाला. साखरतरकडे एकजण दर्यात गेला तेव्हा त्याचं मशीन जवळजवळ नवं होतं. दामू नावाच्या एका तरुण होडीवाल्याने ते निम्म्यात घेतलं. मशीन खांद्यावर टाकून तो माझ्या खिडकीवरून गेला तो चक्क हसत गेला. भाई बाकड्यावर बसून त्याच्याकडे बघत होते.

"हसत गेला तो," मी म्हणालो.

"ऊन असंल तोंडावर," भाई म्हणाले आणि आत गेले. आभाळ भरून आलेलं होतं.

भाईंची बायको लवकर गेलेली, एकच मुलगी, सुलभा. ती वाडीतल्याच मोहनला दिलेली. मोहन अबोल पोरगा. लग्नानंतर त्याने नवंकोरं मशीन आणलं, सासरे-जावई दोघं मिळून जाऊन आणलं. दर महिन्याला तो ते भाईंच्या अंगणात आणायचा, भाई उघडून साफ करायचे आणि मोहन उकिडवा बसून पाने हातात द्यायचा. चुकीचा पाना दिला की भाई ओरडायचे. तो मुद्दाम चुकीचा देतो असा मला दाट संशय होता, कारण भाई ओरडले की त्याच्या चेहऱ्यावर बारीकसं समाधान दिसायचं. भाईंना मुलगा नव्हता. असता तर त्याच्यावर ते असेच ओरडले असते.

नारळी पौर्णिमेनंतर हंगाम सुरू झाला आणि पहिल्याच काही दिवसांत जवळच्या काळबादेवी गावासमोर जाळं ओढताना मोहनचा पाय दोरात अडकला. तो गेला. होडी त्याच्या थोरल्या भावाचीच, ती भावाने परत आणली. मोहन दोन दिवसांनी आरे-वारेच्या वाळूवर मिळाला.

सुलभाच्या पदरात लहान मुलगी. दीर चांगला होता, पण त्याची ऐपत बेताची. आमच्याकडे मासळीचे वाटे पडतात: माणसाचा वाटा, होडीचा, मशीनचा, जाळ्याचा. मोहनचं मशीन दिराच्या होडीला लागलेलं राहिलं असतं तर सुलभाला घरबसल्या मशीनचा वाटा आला असता. पण ते मशीन आता कुणीच होडीला लावणार नव्हतं, दीरही नाही, त्याची बायको तर मुळीच नाही. राहिला एकच रस्ता. मशीन पुऱ्या भावाला गेलं तर त्या पैशात जाळी घ्यायची, दिराच्या होडीवर ठेवायची आणि जाळ्याच्या वाट्यावर इथेच राहायचं. निम्म्यात जाळी होत नव्हती. मग मुंबईला मावशीने बघून ठेवलेल्या घरी रात्रंदिवस स्वयंपाकाला राहायचं, आणि तिथे मूल चालणार नव्हतं. मुलीला भाईंकडे ठेवून जावं लागणार होतं.

दामूनेच विचारणा केली. दुसरी होडी बांधली होती त्याने. ठरलेल्या दिवशी अंगणात दहा-पंधरा माणसं जमली. पार्वती मासळीची पाटी घेऊन कुंपणापाशी बसली होती. सुलभा दारात. भाईंनी त्या मशीनचा प्रत्येक नट आपल्या हाताने लावलेला, तरी त्यांनी सगळं पहिल्यापासून केलं. दोरी ओढली, नख घासलं, ऑइल चोळलं, पिंपात चालवलं. ते आत गेले तेव्हा दार नेहमीपेक्षा जास्त वेळ लोटलेलंच राहिलं. बाहेर आले आणि त्यांनी आकडा सांगितला. पुरा.

मग दामू म्हणाला, "भाई, ह्याचा निम्मा ना?"

शर्टातले भाई त्या दिवशी दुसऱ्यांदा बोलले. मी तरी तेव्हा प्रथमच पाहिलं.

"निम्मा मीच काढलेला. चुकलं माझं. मशीनला सुतक नसतं. ह्यापुढं निम्मा नाय, कुनाच्याच मशीनला नाय."

"आसं कसं? साखरतरच्या येळी होतं, पारूवयनीच्या येळी होतं. तुमच्या घरात आलं तवा नाय?" दामू हे मोठ्याने बोलला नाही, त्यामुळेच ते सगळ्यांना ऐकू गेलं.

माणसं पार्वतीकडे बघायला लागली. तिने पाटी उचलून डोक्यावर घेतली. "मी काय मागचं मागायला आले नाय," ती म्हणाली. "भाई आज बोलतायत ते खरा हाय. पन भाई, तवा मी पन हेच बोललेले ना ओ?"

भाई खरं बोलत होते आणि त्यांचं कुणाला खरं वाटत नव्हतं. मला त्या दिवशी दामूचा संताप आला, वाडीचा आला. आज मात्र तो येत नाही. भाईंनी लोकांच्या भीतीला एक किंमत ठरवून दिली होती. लोकांनी ती मनापासून मानली, आणि आता ती भाईंच्या सांगण्यानेसुद्धा बदलायला कुणी तयार नव्हतं.

दामू उठून गेला. अटीप्रमाणे त्याने भाव आधीच मान्य केलेला, पण ते कुणी बोलून दाखवलं नाही. भाईंनी तर नाहीच. त्यानंतर अंगणात मशीनं यायची थांबली. लोक समोर भेटले की बोलत, विचारपूस करत, पण वापरलेलं मशीन घेऊन गावातल्या गॅरेजात जात, आणि तिथला पोरगा मोटारसायकलीला लावावा तसा भाव लावून देई. भाई दिवसभर बनियनवरच बसलेले दिसत. मोहनचं मशीन पडवीत, आठ-पंधरा दिवसांनी ते पिंपात चालवून ठेवायचे, गंजू नये म्हणून. त्या धुराला मी खिडकी लावत नसे.

शिमगा झाला. सुलभाचं मुंबईचं ठरलं. त्याच सुमारास वेळणेश्वरची एक लाँच आमच्याकडे बर्फ भरायला लागली. तिच्यावर गणपत नावाचा एक पोक्त माणूस होता, घरच्या होडीसाठी वापरलेलं मशीन शोधणारा. भाईंचं नाव त्याने तिकडे ऐकलेलं. मीच त्याला खिडकीतून अंगण दाखवलं आणि बर्फाच्या लाद्या मोजायचं काम हमालावर टाकून मागोमाग गेलो.

भाईंनी त्याला मशीन चालवून दाखवलं. जिथे जरासं खरवडलेलं होतं तेही आपणहून दाखवलं. शर्ट घालून आले, पुरा भाव सांगितला.

"पटला," गणपत म्हणाला. घासाघीस नाहीच. मग सहज विचारावं तसं त्याने विचारलं, "आनी इकताय कशापायी?"

भाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही. "पोरगी मुंबईस जाते," ते म्हणाले. "घरात चालवनारा कोन नाय."

एकूण एक शब्द खरा होता. मी मनात म्हटलं, झालं, सुटली पोरगी. मुंबई रद्द.

सुलभा चहा घेऊन बाहेर आली. कप खाली ठेवले आणि उभी राहिली.

"काका, हे माझ्या घरवाल्याचं मशीन. ते दर्यात गेले नि हे परत आलं."

"सुले," भाई म्हणाले.

"तुमच्या घरच्या बाईला सांगितल्याबिगर होडीला लावू नका. एखाद दिवशी तुमाला यायला उशीर झाला तर ती दारात बसंल, नि तवा कोनतरी तिला हे सांगंल. बाबा, तुमी जल्मभर लोकांना ह्यासाठीच इचारलात ना, का विकतंस म्हनून?"

ती रडत नव्हती. भाईंचा चेहरा मला पाहवेना. गणपत कप हातात फिरवत बसला. तसा भला माणूस होता. खाली बघूनच म्हणाला, "हितं अशाला निम्मा म्हनतात, आमच्याकडं पन आलंय ते. तेवढ्यात मी नेईन. जास्ती दिले तर घरात कोन आयकनार नाय."

"न्ह्या," सुलभा म्हणाली आणि आत गेली. आत तिची मुलगी कसलं तरी गाणं म्हणत होती, ते थांबलं.

लाँचवरची माणसं बर्फ भरण्यात गुंतलेली. मशीन बांबूला बांधून दोघांनी न्यायचं ठरलं. बांधलं भाईंनी. गणपत पुढे व्हायला लागला, पण धक्क्याकडे उतार आहे आणि उतारावर सगळा भार पुढच्यावर येतो, म्हणून भाईंनी त्याला मागे पाठवलं आणि पुढचं टोक आपण घेतलं. मी तेलाची टाकी उचलून मागून चाललो. वाटेत दामू जाळी शिवत बसलेला होता. तो उठून उभा राहिला.

लाँचवर मशीन आडवं ठेवलं, खाली गोणपाट घातलं. दोर सुटायची वेळ झाली तरी गणपतचा पाय निघेना.

"भाई, मनात काय ठेवू नका. रास्त झाला ना?"

"रास्त झाला," भाई म्हणाले. वाकून त्यांनी गोणपाट नीट केलं, पंख्यावर ओढलं. मग धक्क्यावर येऊन, चालू झालेल्या लाँचच्या आवाजावरून ओरडून सांगायला लागले, "थंडीत लगेच चालू होत नाय हां ते! मोहन दोनदा रिकामी दोरी ओढायचा, नि तिसऱ्याला..."

मोहन गेल्यापासून त्यांनी त्याचं नाव घेतलेलं मी ऐकलं नव्हतं. भर दुपारी, बर्फ ओढणाऱ्या हमालांच्या मधोमध, इस्त्रीच्या शर्टाच्या बाहीत तोंड घालून ते हमसून हमसून रडायला लागले. लाँचवरून गणपत कानाला हात लावून, तिसऱ्याला काय, तिसऱ्याला काय, असं विचारत राहिला.